गर्भपिशवी काढायची हे ठरलं, पण कोणत्या मार्गाने? खालून, दुर्बिणीतून, रोबोटने की पोट उघडून

फॅमिली_डॉक्टर_भांडुप

नमस्कार मंडळी. एका पेशंटच्या निमित्ताने विचारतेय, पण हा प्रश्न घेऊन बायका सारख्या येतात, म्हणून सविस्तर लिहिते.

वय ४६, वजन ७४ किलो, उंची १५४ सेंमी. पहिलं बाळंतपण नॉर्मल, दुसरं सिझेरियन. पाळी आठ-नऊ दिवस चालते, गाठी पडतात. सोनोग्राफीत अ‍ॅडिनोमायोसिस (अस्तराच्या पेशी पिशवीच्या स्नायूत शिरणं) आणि मागच्या भिंतीत ४ सेंमीचा फायब्रॉइड. पिशवी हाताला १२ ते १४ आठवड्यांच्या गरोदरपणाएवढी लागते. हिमोग्लोबिन ८.४. पॅप (पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठीची तपासणी) नॉर्मल, अस्तराच्या बायोप्सीत वावगं काही नाही. ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड (रक्तस्राव कमी करणारं औषध) झालं, हॉर्मोनच्या गोळ्या झाल्या, मिरेना (पिशवीत बसवायची हॉर्मोनची कॉइल) बसवली तर ती निघून आली. तेव्हा ऑपरेशन करावं की नाही हा वाद आता नाही.

तीन ठिकाणी दाखवलं. मोठ्या कॉर्पोरेट हॉस्पिटलात रोबोट सुचवला, मुलुंडच्या एका नर्सिंग होममध्ये दुर्बिणीतून, आणि महापालिकेच्या हॉस्पिटलात म्हणाले, खालून निघेल, पोटावर टाका पडणार नाही. घरच्यांचं म्हणणं, पोट उघडून करा, डॉक्टरांना सगळं नीट दिसतं. बाई कापडाच्या दुकानात दिवसभर उभ्या असतात आणि भांडुप ते दादर रोज लोकलने जातात.

माझे प्रश्न दोन. आधीच्या सिझेरियनमुळे या निवडीत नेमकं काय बदलतं? आणि अंडाशय ठेवायचे की काढायचे?

स्त्रीरोग_परळ

डॉक्टर, कॅन्सर नसलेल्या पिशवीसाठी पहिला प्रश्न एकच असतो: खालून निघेल का? ‘नाही’ असं तपासून ठरलं, तरच पुढचा मार्ग. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महाविद्यालयाने २०१७ मध्ये हीच भूमिका घेतली आणि चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१५ च्या आढाव्याचा कलही तोच आहे. मुंबईला तर हे नवं नाही. अंग बाहेर आलेलं नसतानाही पिशवी खालून काढता येते, यावर डॉ. शिरीष शेठ यांनी इथेच वर्षानुवर्षं काम केलं आणि सिझेरियन झालेल्या बायकांमध्ये मूत्राशय कसा सोडवायचा याची वाटही त्यांनी दाखवली.

आकड्यात सांगायचं तर १२ आठवड्यांची पिशवी साधारण २८० ग्रॅमची असते. तेवढी खालून सहज जमते. त्याहून मोठी असेल तर आतच लहान करून काढावी लागते. त्यामुळे १२-१४ आठवडे हा आकडा एकट्याने काही ठरवत नाही. ठरवतात चार गोष्टी: पिशवी हलते का, योनीचा वरचा भाग दोन बोटं मावतील इतका रुंद आहे का, जघनास्थीची (ओटीपोटाच्या पुढच्या हाडाची) कमान ९० अंशांपेक्षा अरुंद तर नाही ना, आणि बाजूला अंडाशयाची गाठ किंवा एन्डोमेट्रिओसिसचा (अस्तरासारख्या पेशी पिशवीबाहेर वाढण्याचा) संशय आहे का. एक बाळंतपण नॉर्मल झालेलं आहे, ही या बाईंची मोठी जमेची बाजू.

आता सिझेरियनबद्दल. बिघडतं ते दोन प्रकारे. एक, मूत्राशय पिशवीच्या खालच्या भागाला, जुन्या व्रणाजवळ चिकटतो. हे बहुतेकींमध्ये सोडवता येतं. दोन, पिशवीची पुढची भिंत थेट पोटाच्या भिंतीला चिकटते. अशा वेळी पिशवीचं तोंड फार वर ओढलेलं लागतं, बोट कसंबसं पोचतं, आणि व्हल्सेलम चिमट्याने ते खाली ओढलं की पोटावरचा जुना टाका आत खेचला जातो. असं दिसलं तर खालून सुरुवात करू नये. सोनोग्राफी करणाऱ्याला आधीच सांगा, की प्रोबने दाबल्यावर पिशवी मूत्राशयावरून आणि आतड्यावरून सरकते का ते रिपोर्टात लिही. पाच मिनिटांचं काम आहे, पण निर्णय त्यावर फिरतो.

खालून करताना क्रम असा. मूत्राशय रिकामा करायचा. तोंडाभोवती पातळ व्हॅसोप्रेसिन किंवा दोन लाखांत एक अ‍ॅड्रेनॅलिन टोचायचं, त्याने रक्त कमी जातं आणि थर सुटे होतात. मग तोंडाभोवती गोल चीर, आणि आधी मागून डग्लसच्या कप्प्यात (पिशवी आणि गुदाशय यांच्यामधल्या जागेत) शिरायचं. पुढून घाई करायची नाही. सिझेरियन झालेलं असेल तर मधोमध बोटाने ढकलणं हीच मूत्राशय फाटण्याची खात्रीची वाट, कारण व्रण मधोमधच घट्ट असतो. बाजूच्या मोकळ्या जागेतून शिरायचं आणि व्रण कात्रीने, टोकं पिशवीकडे ठेवून, कापत जायचं. त्यानंतर पिशवीला धरून ठेवणारी युटेरोसॅक्रल आणि कार्डिनल लिगामेंट, मग गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या. दोन्हीकडच्या रक्तवाहिन्या बांधल्याशिवाय पिशवीचे तुकडे करायला घ्यायचे नाहीत. हा नियम मोडला की रक्तस्राव आवरत नाही. अ‍ॅडिनोमायोसिसची पिशवी एकसंध फुगलेली असते, गाठ सोलून निघत नाही, म्हणून ती उभी दुभागायची किंवा गाभा कोरून काढायचा. शेवटी वरचे कोपरे, गर्भनलिका, आणि टाके घालताना युटेरोसॅक्रल लिगामेंट योनीच्या टोकाला बांधून घ्यायचे, म्हणजे पुढे टोक खाली उतरत नाही.

अंडाशयांबद्दल: ४६ वर्षं, रजोनिवृत्ती आलेली नाही, कुटुंबात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर नाही असं गृहीत धरते. तर अंडाशय ठेवायचे. या वयात दोन्ही काढले की हाडं आणि हृदय दोन्हीला झळ पोचते. गर्भनलिका मात्र सोबत काढाव्यात, कारण अंडाशयाचे म्हणून ओळखले जाणारे बरेच आक्रमक कॅन्सर नलिकेच्या टोकाशी सुरू होतात. खालून जाऊनही नलिका बहुतेकींच्या हाताला येतात. एखादीच्या नाही आल्या तर तेवढ्यासाठी पोट उघडू नये.

आणि ८.४ हिमोग्लोबिनवर टेबलावर घेऊ नका. शिरेतून लोह, म्हणजे फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज १००० मिलिग्रॅम द्या, दोन-तीन आठवडे थांबा. तोवर पाळी आलीच तर ट्रानेक्झॅमिक १ ग्रॅम दिवसातून तीनदा. रक्तस्राव थांबतच नसेल तर ल्युप्रोलाइड ३.७५ मिलिग्रॅम महिन्याला एक, असे दोन-तीन डोस. पाळी बंद राहते आणि पिशवीही थोडी आक्रसते.

दुर्बीण_बोरिवली

मॅडमशी बऱ्याच अंशी सहमत. पण एक मुद्दा ठामपणे मांडतो. खालून करण्याचा हात असलेले सर्जन आता कमी झालेत. ज्या सर्जनने अंग बाहेर आलेल्याच केसेस खालून केल्या आहेत, त्याने सिझेरियन झालेली, १४ आठवड्यांची, जागची न उतरलेली पिशवी खालून करायला घेऊ नये. मार्ग कागदावर कितीही चांगला असला तरी पेशंटला मिळतो तो करणाऱ्याचा हात.

दुर्बिणीचा खरा फायदा दिसण्याचा आहे. पिशवी पोटाच्या भिंतीला चिकटलेली असेल, मागे एन्डोमेट्रिओसिसने आतडं ओढून धरलेलं असेल, तर ते खालून दिसत नाही आणि १० सेंमीच्या आडव्या चिरेतूनही नीट दिसत नाही. ‘पोट उघडल्यावर सगळं दिसतं’ हा घरच्यांचा समज ओटीपोटाच्या खोल भागाबद्दल तरी खरा नाही.

मात्र दुर्बिणीची दुखापतही वेगळी असते, ती सांगितली पाहिजे. २००४ च्या एव्हॅल्युएट चाचणीत पोट उघडून केलेल्यांत मोठी गुंतागुंत ६.२ टक्के होती आणि दुर्बिणीतून केलेल्यांत ११.१ टक्के. साधनं आणि शिक्षण तेव्हापासून पुष्कळ सुधारलं, पण लघवीच्या मार्गाला होणारी इजा हा आजही दुर्बिणीचा कच्चा दुवा आहे. मूत्रवाहिनी गर्भाशयाच्या रक्तवाहिनीखालून, पिशवीच्या तोंडापासून दीड ते दोन सेंटीमीटरवरून जाते. विद्यार्थ्यांना शिकवतात तसं, पुलाखालून पाणी. बायपोलरची (विजेने भाजून रक्तवाहिनी बंद करणाऱ्या चिमट्याची) उष्णता काही मिलिमीटर आजूबाजूला पसरते. सर्जनला वाटतं रक्तवाहिनीच भाजली, आणि शेजारची मूत्रवाहिनी हळूहळू मरते. त्या दिवशी सगळं ठीक दिसतं. सातव्या ते चौदाव्या दिवशी ताप, पोट फुगणं, कुशीत दुखणं किंवा योनीतून सतत पाणी गळणं सुरू होतं. डॉक्टर, अशी बाई आधी तुमच्याकडेच येईल. तिला अँटिबायोटिक देऊन घरी पाठवू नका. क्रिएटिनिन करा, कॉन्ट्रास्ट सीटी युरोग्राम करा आणि त्याच दिवशी सर्जनला फोन करा.

हे टाळायला मॅनिप्युलेटरचा (पिशवी खालून हलवायच्या दांडीचा) कप पूर्ण वर रेटून धरायचा. त्याने रक्तवाहिनी वर उचलली जाते आणि मूत्रवाहिनी दूर राहते. मूत्राशय आधी नीट खाली सोडवायचा. मग रक्तवाहिनी कपाच्या कडेवर, पिशवीला चिकटून भाजायची. रक्त उडालं म्हणून आंधळेपणाने बायपोलर लावत सुटायचं नाही. दाबून धरायचं, धुवायचं, बघायचं, मग पकडायचं. शेवटी सिस्टोस्कोपी करून (मूत्राशयात दुर्बीण घालून) मूत्रवाहिन्यांच्या दोन्ही तोंडांतून लघवीची धार येते का पाहायचं. एवढं करून उष्णतेने झालेली उशिराची इजा मात्र त्या वेळी कळत नाही, हेही लक्षात असू द्या.

दुर्बिणीनंतर योनीच्या टोकाचे टाके उसवण्याचं प्रमाण इतर मार्गांपेक्षा जास्त आहे. कारण विजेच्या मोनोपोलर हत्याराने कापताना कडा जळतात आणि टाका मेलेल्या पेशींत बसतो. कापताना करंट कमी वेळ लावायचा, टाका कडेपासून किमान १ सेंमी आत, आतल्या पडद्यासकट घ्यायचा. बार्ब्ड (बारीक काटे असलेला) धागा वापरला तरी हे अंतर सुटत नाही.

भूलतज्ज्ञ_दादर

भुलेच्या बाजूचं थोडं, कारण पेशंट त्याचा विचार करतच नाहीत.

खालून करायचं तर कण्यातली भूल पुरते. लठ्ठपणा, दमा, घोरणं, छातीचा जुना त्रास असेल तर ही मोठी सोय आहे. पिशवी ओढली की वरच्या पोटात कळ येते आणि मळमळतं, म्हणून बधिरपणा बेंबीच्या वर चांगला चढायला हवा.

दुर्बीण आणि रोबोट म्हणजे पूर्ण भूल, श्वासनळीत नळी, पोटात १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने कार्बन डायऑक्साइड, आणि डोकं २५ ते ३० अंश खाली. या बाईंचा बीएमआय ३१ आहे. पोटातलं वजन छातीवर येतं, फुप्फुसांचा दाब वाढतो. निरोगी बाईला हे सहज सोसतं. हृदयाची झडप खराब असेल, डोळ्यात काचबिंदू असेल, तर मार्ग ठरवण्याआधी आमच्याशी बोला. गॅस भरताना नाडी एकदम मंदावू शकते. अशा वेळी आधी गॅस सोडायचा, मग अ‍ॅट्रोपिन ०.६ मिलिग्रॅम.

दुसऱ्या दिवशी खांदा दुखला तर घाबरू नये. छाती-पोटामधल्या पडद्याखाली उरलेल्या गॅसचं ते दुखणं असतं, दोन-तीन दिवसांत जातं. पण पोटाचं दुखणं दिवसागणिक वाढत असेल तर ते गॅसचं नाही. दुर्बिणीनंतर रोज बरं वाटायला हवं. तिसऱ्या दिवशी पहिल्या दिवसापेक्षा वाईट वाटत असेल, तर आतड्याला इजा झाली नाही हे सिद्ध होईपर्यंत ती झाली आहे असंच धरून चालायचं.

ओटी_सिस्टर_शीव

सगळ्यांनी सर्जरीचं लिहिलंय, मी टेबलाभोवतीचं लिहिते.

सेफॅझोलिन हे अँटिबायोटिक २ ग्रॅम चिरेआधीच्या एका तासात गेलंच पाहिजे. वॉर्डातून निघताना दिलं आणि ओटीबाहेर दोन तास ताटकळत ठेवलं, तर दिल्याचा उपयोग नाही.

पाय वर बांधण्याच्या स्थितीत गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, फिब्युलाच्या (पायातल्या बाहेरच्या बारीक हाडाच्या) डोक्याशी गादी हवी. तिथे नस दबली तर पाऊल उचलता येत नाही. दोन्ही पाय एकदम उचलायचे आणि एकदमच खाली घ्यायचे. मांडी पोटाकडे फार दुमडली की मांडीची नस ताणते आणि बाई जिना चढताना गुडघ्यात कोसळते. हीच नस पोट उघडून करताना बारीक बायकांमध्ये खोल लावलेल्या रिट्रॅक्टरखाली दबते.

पिशवी मोठी म्हणून तुकडे करून काढायची असेल तर बॅग आहे का, हे सुरुवातीलाच विचारा, शेवटी शोधाशोध नको. दुर्बिणीच्या मशीनने उघड्यावर तुकडे करणं चुकीचं आहे. फायब्रॉइड समजून काढलेल्या पिशवीत क्वचित सार्कोमा हा कॅन्सर निघतो. अमेरिकेच्या एफडीएने २०१४ मध्ये त्याचा अंदाज साडेतीनशे बायकांत एक असा दिला होता, आणि तुकडे पोटभर पसरले तर आजार पसरतो. या केसमध्ये पिशवी योनीतूनच दुभागून निघेल, मशीनची गरजच पडू नये.

घरी गेल्यावर काय, हे आमच्याकडे बायका शेवटच्या दिवशी विचारतात. खालून किंवा दुर्बिणीतून झालं तर एक-दोन दिवसांत घरी, पोट उघडून झालं तर तीन ते पाच. बसून करायच्या कामावर खालून-दुर्बिणीनंतर तीन-चार आठवड्यांत जाता येतं, पोट उघडल्यावर सहा ते आठ. तुमच्या बाई दिवसभर उभ्या असतात, तर त्यांना खालून झालं तरी सहा आठवडे मागून घ्या. पहाटेच्या पाण्याची भरलेली कळशी, गॅसचा सिलिंडर, ओल्या कपड्यांची बादली, यांतलं काहीही सहा आठवडे उचलायचं नाही. सकाळच्या गर्दीची लोकल सर्वांत शेवटी. पोटावर टाका नसला तरी आत टाके आहेतच, आणि गर्दीतला रेटा त्याच जागी बसतो. शरीरसंबंध किमान सहा ते आठ आठवडे नाही, दुर्बिणीतून झालं असेल तर बरेच सर्जन बारा सांगतात. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. कुंथण्याने टाक्यांवर ताण येतो.

दोन आठवड्यांच्या सुमारास थोडं लालसर जाणं चालतं, टाके विरघळतात. तासाला एक पॅड भिजत असेल, घाण वासाचा स्राव आणि ताप असेल, किंवा एकाएकी पाणी वाहिल्यासारखं होऊन काहीतरी बाहेर आल्यासारखं वाटलं, तर आडवं व्हायचं, काही खायचं-प्यायचं नाही आणि थेट हॉस्पिटल गाठायचं.

कर्करोग_शस्त्रक्रिया

थोडक्यात. वरची सगळी चर्चा बायोप्सी निर्दोष आहे म्हणून लागू आहे. पंचेचाळिशीच्या पुढे अनियमित किंवा अति रक्तस्राव असेल तर अस्तराची तपासणी झाल्याशिवाय कुणीही मार्ग ठरवू नये. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला तर गणितच उलटतं. लॅक चाचणीचे निकाल २०१८ मध्ये आले: साडेचार वर्षांनी आजार न उलटलेल्या बायका पोट उघडून केलेल्या गटात ९६.५ टक्के, दुर्बीण-रोबोटच्या गटात ८६ टक्के. त्यानंतर पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या मूलगामी ऑपरेशनसाठी पोट उघडणं हेच प्रमाण मानलं जातं. अस्तराच्या सुरुवातीच्या कॅन्सरला मात्र दुर्बीण चालते. अशी केस जनरल नर्सिंग होममध्ये थांबवू नका, टाटाला किंवा कॅन्सरचं काम रोज करणाऱ्या युनिटला पाठवा.

फॅमिली_डॉक्टर_भांडुप

सगळ्यांचे मनापासून आभार. आणखी दोन गोष्टी. बाईंच्या मावशीचं म्हणणं, पिशवीचं तोंड ठेवून फक्त वरची पिशवी काढली तर संसारसुख टिकतं आणि लघवीचा त्रास होत नाही. आणि रोबोटचं काय? मेडिक्लेम आहे, म्हणून घरचे म्हणतात, सर्वांत भारी तेच करू.

स्त्रीरोग_परळ

तोंड ठेवल्याने संबंधात किंवा लघवीत फरक पडतो, असं दोन्ही पद्धती शेजारी ठेवून केलेल्या चाचण्यांत दिसलेलं नाही. उलट काही बायकांना दर महिन्याला डाग पडत राहतात, पॅप सुरू ठेवावी लागते, आणि दुर्बिणीतून केलं तर पिशवी तुकडे करूनच काढावी लागते. मूत्राशय इतका चिकटलेला आहे की सोडवणंच धोक्याचं, अशा वेळी ऑपरेशन चालू असताना तोंड ठेवण्याचा निर्णय शहाणपणाचा असतो. आधीपासून ठरवून करण्याचं कारण या केसमध्ये मला दिसत नाही.

रोबोटबद्दल: कॅन्सर नसलेल्या दोन लाख चौसष्ट हजारांहून अधिक बायकांची अमेरिकेतली तुलना २०१३ मध्ये आली. गुंतागुंत रोबोटने ५.५ टक्के, साध्या दुर्बिणीने ५.३, आणि रोबोटचा खर्च दर केसमागे सुमारे दोन हजार डॉलर जास्त. हत्याराला मनगट असल्याने खोल जागेत टाके घालणं सोपं जातं, प्रचंड लठ्ठपणात किंवा चिकटलेल्या एन्डोमेट्रिओसिसमध्ये सर्जनला त्याचा उपयोग होतो. या बाईंना त्यातून जास्तीचं काही मिळेल असं मला वाटत नाही.

मेडिक्लेम_डेस्क

रोबोटिक सर्जरी नाकारता येणार नाही, असं विम्याची नियामक संस्था आयआरडीएआयने २०१९ च्या नियमांत घातलंय, पण कंपनीला त्यावर वेगळी मर्यादा लावता येते. पॉलिसीत ‘आधुनिक उपचार’ या मथळ्याखाली रक्कम बघा. फायब्रॉइड आणि पिशवी काढणं यांना बहुतेक पॉलिसींत २४ महिन्यांची प्रतीक्षा असते. पॉलिसी मधे तुटली होती का, तेही पाहा. खोलीच्या भाड्याला मर्यादा असेल आणि वरच्या वर्गाची खोली घेतली, तर सर्जनची फी, ओटी असे बरेच खर्च त्या प्रमाणात कापले जातात. मोठा फटका बसतो तो इथेच. पूर्वपरवानगीच्या कागदांत बायोप्सीचा रिपोर्ट, सोनोग्राफी आणि आधी घेतलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या जोडा. औषधोपचार करून पाहिल्याचा पुरावा नसेल तर प्रश्न येतो, आणि यायलाही हवा. बीडमध्ये ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्याच्या प्रकरणानंतर महाराष्ट्रात तरी कुणी या प्रश्नाला अडवणूक म्हणू नये.

दुर्बीण_बोरिवली

सर्जनला भेटताना बाईंना चार प्रश्न लिहून द्या. अशा केसेस तुम्ही महिन्याला किती करता, खालून किती आणि दुर्बिणीतून किती? मधेच मार्ग बदलावा लागला तर कोणता घ्याल, आणि त्याची संमती आधीच घेणार का? सिस्टोस्कोप ओटीत आहे का? मूत्राशय किंवा मूत्रवाहिनीला इजा झाली तर युरॉलॉजिस्ट किती वेळात येतो? मूत्राशयाचा वरचा भाग फाटला आणि तिथेच लक्षात आला, तर दोन थरांत शिवून सात ते दहा दिवस कॅथेटर ठेवला की बहुतेक भरून येतं. लक्षात आला नाही तर लघवी गळण्याचं दुखणं महिनोन्‌महिने चालतं. संशय आला की मिथिलीन ब्लू हा निळा रंग घातलेलं २०० ते ३०० मिलिलिटर सलाइन कॅथेटरमधून सोडून बघावं.

माझं मत: महापालिकेच्या हॉस्पिटलात ज्यांनी खालून निघेल असं सांगितलं, त्यांनी पिशवी हलवून पाहिली असेल आणि सरकण्याची सोनोग्राफी ठीक आली असेल, तर तिथेच करावं. भूल दिल्यावर टेबलावर पुन्हा तपासून पिशवी उतरत नसेल तर दुर्बीण तयार ठेवावी. ओढल्यावर जुना टाका आत खेचला जात असेल तर थेट दुर्बीण. आणि हिमोग्लोबिन १० च्या वर गेल्याशिवाय तारीख घेऊ नका.

फॅमिली_डॉक्टर_भांडुप

सोनोग्राफीसाठी उद्याच चिठ्ठी देते, सरकण्याचं त्यात स्पष्ट लिहून. लोहाचं इंजेक्शन या आठवड्यात लावते.